मधले दोन दिवस

"मधले दोन दिवस आपण वेगवेगळे फिरायचं," ती म्हणाली आणि बटाट्याची साल काढत राहिली. जेवणाच्या टेबलावर युरोपचा नकाशा पसरलेला होता. घडीचा कागद सारखा उठत होता म्हणून एका कोपऱ्यावर पाण्याचा जग आणि दुसऱ्यावर तिची चष्म्याची पेटी ठेवली होती. त्याचं बोट घड्याळाच्या शहरापासून निघून रेल्वेच्या काळ्या रेघेवरून संगीताच्या शहराकडे चाललं होतं, ते वाटेतच थांबलं. "म्हणजे?" त्याने विचारलं. "म्हणजे तुम्ही तुमचं बघा, मी माझं बघते. मग पुलांच्या शहरात भेटू. स्टेशनवर." येताना दूध आणा म्हणावं तसं ती हे म्हणाली. "स्टेशनवर का?" विचारण्यासारख्या सगळ्या प्रश्नांतला सर्वांत बिनकामाचा प्रश्न आपण निवडलाय, हे त्याला विचारतानाच कळलं. "कुठेतरी भेटायला हवं ना," ती म्हणाली आणि सोललेला बटाटा पाण्यात टाकला. त्यानंतर ती गॅसकडे वळली, आणि तो नकाशावर बोट ठेवून तसाच उभा राहिला, कारण बोट उचललं तर आपण काहीतरी मान्य केल्यासारखं होईल असं त्याला उगाच वाटत होतं.

शहरांची ही नावं तिची. परदेशी नावं तिच्या तोंडात बसत नव्हती असं नाही, तिने ती बसू दिली नाहीत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिथेही गिऱ्हाइकांना अशीच नावं द्यायची. कुणी 'डावा कान खाली', कुणी 'नाकावर घाम'. दिवसभर समोर बसवलेल्या माणसाच्या दोन्ही कानांमागे बोटं घालून "टोचतंय का? आणि आता?" असं विचारत राहायचं, हे तिचं काम. त्याचं काम बरोबर उलट. तो गाडी शिकवायचा. पांढरी छोटी गाडी, टपावर लाल अक्षराची पाटी, आणि शेजारच्या सीटपुढे एक जादा ब्रेक, फक्त त्याच्या पायाचा. अर्ध्या वस्तीला त्याने क्लच सोडायला शिकवलं होतं, म्हणून वस्ती त्याला मास्तर म्हणायची. बायकोसुद्धा, चिडवायचं असलं की, एरवी अहो. इतकी वर्षं तो लोकांच्या शेजारी बसून त्यांचे पाय आणि पुढचा रस्ता बघत आला होता. चेहऱ्यांकडे बघायला वेळच नसे, आणि बघितलं तरी चेहऱ्याची एकच बाजू दिसायची. आता तिने हे वाक्य कुठल्या चेहऱ्याने म्हटलं ते आठवायला तो गेला, तर त्याला फक्त सोलणं आणि बोटं आठवली.

प्रवासाचं पहिल्यांदा निघालं तेव्हाच तिने अट घातली होती, तिकडे गाडी भाड्याने घ्यायची नाही. त्याने जे जे म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं होतं. गाडी शिकवणाऱ्या माणसाने रेल्वेच्या डब्यात बॅगा सांभाळत बसायचं म्हणजे न्हाव्याने दुसऱ्याच्या दुकानात दाढीला बसण्यातला प्रकार. मुलगी परगावी राहायची आणि बुकिंग वगैरे सगळं तीच करणार होती. तीही फोनवर आईच्या बाजूने. "बाबा, जुन्या शहरांच्या मधल्या भागात गाडी नेऊच देत नाहीत. तू पार्किंग शोधत बसशील आणि आई गाडीत बसून राहील. आठवडाभराचा तर प्रवास." तो हरला, आणि हरल्यावर त्याने नेहमीप्रमाणे ती आपलीच कल्पना असल्यासारखी उचलून धरली, आल्यागेल्याला सांगू लागला की तिकडे रेल्वेइतकी मजा गाडीत नाही. पण गाडीत दोघांना एकाच दिशेला जावं लागतं, आणि रेल्वेत तसं काही बंधन नसतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिने गाडी नको म्हटलं ते तेव्हापासूनच हे मनात धरून? की आधी गाडी नको म्हणाली आणि मग नकाशा बघता बघता तिला हे सुचलं? या दोन्हींत मोठा फरक आहे असं त्याला वाटत होतं. तो नेमका काय, ते मात्र सांगता येईना. जेवताना त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाई शिकायला आल्या. चाळिशीच्या, हुशार, हात स्थिर, पण वळणावर गेल्या की श्वास रोखून धरायच्या. बाजाराच्या मागच्या रस्त्याने जाताना पुढे एक हातगाडी निघाली, लांब होती, आणि त्याने ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली. "मास्तर, मी दाबतच होते," त्या म्हणाल्या. "लागलं असतं," तो म्हणाला. बाईंनी मागे आरशात बघितलं, मग त्याच्याकडे. "खरं सांगू का, तुमचा पाय तिथे आहे हे माहीत असतं ना, म्हणून माझा अंमळ उशिराच निघतो. एकटी असते तर आधी निघाला असता." एरवी अशा बोलण्यावर त्याच्याकडे तयार उत्तर असायचं, की एकट्या असतात तर आत्ता हातगाडीवाल्याशी भांडत असतात. आज एकटी या शब्दाशीच तो अडला. पुढच्या चौकात सिग्नल सुटला, मागून भोंगे वाजले, बाईंनी विचारलं, "मास्तर, सरळ?" आणि याच रस्त्यावर हजार वेळा सांगितलेली दिशा त्याला पटकन सांगता आली नाही. "तुम्हाला कुठे जायचंय तिकडे घ्या," तो म्हणाला. बाई घाबरल्या. त्यांना कुठेच जायचं नव्हतं, त्यांना शिकायचं होतं.

संध्याकाळी ती दुकानातून आली, पाय धुतले, खुर्चीवर बसून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले. त्याने चहा केला. चहा देताना, सहज विचारतोय असं दाखवत, म्हणाला, "मग तू कुठे जायचं म्हणतेस त्या दोन दिवसांत?" तिने वाकून नकाशावर एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ठिपका मसुराच्या दाण्याएवढा. "हे. तळ्याचं गाव." "काय आहे तिथे?" "तळं." "ते कळलं. बघायला काय आहे?" "काही नाही," ती म्हणाली. "मी सगळं शोधलं. किल्ला नाही, म्युझियम नाही, मोठं चर्चसुद्धा नाही. दोनदा बोट सुटते आणि परत येते." तिच्या आवाजात एक प्रकारचं समाधान होतं, घासाघीस करून चांगला माल पदरात पडावा तसं. "अगं, पण आपण बघायलाच चाललोय ना? काही नसलेल्या ठिकाणी इतक्या लांब कशाला जायचं?" "बघायचं असलं की दमायला होतं," ती म्हणाली, आणि फुंकर न घालता चहाचा घोट घेतला. मग म्हणाली, "तुमचे दोन दिवस कुठे? ते सांगा ना." त्याने नकाशाकडे बघितलं. त्यावर शहरंच शहरं होती. त्याला प्रत्येक ठिकाणी पोचायचे रस्ते दिसत होते, डोंगरातले बोगदे, समुद्राकाठची वळणं, जिथे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी खेळवत न्यावी लागेल ते पायात जाणवत होतं. पण पोचल्यावर काय? गाडी नाही, ती नाही, तर आपल्याला काय बघायचंय? "बघू," तो म्हणाला. हे सगळ्यांत वाईट होतं, तिच्या बेतापेक्षाही, की तिच्यापाशी निदान एक निळा ठिपका होता.

पुढचे दिवस त्याने कारण शोधण्यात घालवले. माणूस उगाच काही करत नाही असा त्याचा अनुभव. शिकाऊ माणूस गाडी डावीकडे ओढत असेल तर त्याच्या उजवीकडे कुठेतरी भीती असते. तर मग ही तळ्याकडे का ओढते? तिथे कुणी राहतं का? दुकानात एक जाड काचांचा इंजिनिअर यायचा. काही वर्षांपूर्वी तो परदेशी गेला होता आणि जाताना मुद्दाम निरोप घ्यायला आला होता, असं तिनेच सांगितलं होतं. इंजिनिअर मनात येताच त्याला, लाज वाटायच्या आधी, एकदम हायसं वाटलं. निदान कारण तरी सापडलं. अर्धा दिवस तो त्या इंजिनिअरला घेऊन फिरला, शिकणाऱ्यांवर विनाकारण खेकसला, आरशात आपली ढेरी बघितली. मग दुपारी पेट्रोल भरताना त्याला आठवलं की तो माणूस युरोपात गेलाच नव्हता, दुसऱ्याच खंडात गेला होता, आणि तिने त्याला नाव दिलं होतं 'रडका कान'. त्याला हसू आलं. हसू आल्यावर पुन्हा पोकळी. इंजिनिअर नसेल तर मग काय उरतं? तोच उरत होता. ती तळ्याकडे जात नव्हती तर त्याच्यापासून जात होती, एवढाच अर्थ लागत होता. पण तसं म्हणावं तर ती रोजच्यासारखीच वागत होती. त्याच्या शर्टाचं बटण लावून द्यायची, त्याच्या ताटात आधी वाढायची, त्याच्या विनोदाला अर्ध्यातच हसायची कारण पुढचा अर्धा तिला पाठ होता. रागावलेली असती तर बरं झालं असतं. रागाशी कसं वागायचं ते त्याला येत होतं.

मुलीला फोन केला. "आईचं काय चाललंय?" "काय चाललंय?" "तुला माहीत नाही? मधले दोन दिवस." "हां, ते. म्हणाली ती मला. तळ्याचं गाव. छान आहे की." "छान काय आहे? तिथे काही नाही." "बाबा, मग तिला सरळ विचार ना." "विचारलं." "मग?" "म्हणाली, बघायचं असलं की दमायला होतं." "मग तसंच असेल," मुलगी म्हणाली. पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता. ती काम करता करता बोलत होती, जसा तो शिकवता शिकवता तिच्या लहानपणी तिच्याशी बोलायचा. "हे बघ, रविवारी संध्याकाळी मी सगळं बुक करून टाकणार आहे, नंतर जागा राहणार नाहीत. तोवर तुमचं काय ते ठरवा. तुम्ही दोघं बरोबर असाल तर बरोबर, वेगळे तर वेगळे. आणि तुला पटत नसेल तर तिला नाही म्हण. ती ऐकेल तुझं." हे शेवटचं वाक्य मुलीने सहज टाकलं. ती ऐकेल हे त्यालाही माहीत होतं. त्याने नाही म्हटलं की ती बरं म्हणेल, नकाशावरून बोट उचलेल आणि दोघं मिळून पुतळे बघत हिंडतील, आणि तळ्याच्या गावाचं नाव पुन्हा कधी या घरात निघणार नाही. रविवारपर्यंत त्याच्या हातात हे होतं, आणि हातात असलेली गोष्ट त्याला इतकी नकोशी कधी झाली नव्हती.

त्यातच त्याला कुत्रं आठवू लागलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने तिला गाडी शिकवायला नेलं होतं, बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानात. हा किस्सा तो चारचौघांत नेहमी सांगायचा. आमच्या हिला गाडी एका फेरीत आली आणि एका फेरीत सुटली. पहिली फेरी तिने इतकी सुरेख घेतली की तो चकित झाला. दुसऱ्या फेरीत कुत्रं आडवं आलं, त्याने ब्रेक दाबला, तिने गाडी बंद केली, "झालं," म्हणाली, उतरली, पुढून वळसा घालून त्याच्या दाराशी आली आणि त्याने सरकायची वाट बघत उभी राहिली. लोक हसायचे. तीही हसायची. त्यानंतर ती कधीही त्या बाजूला बसली नाही, आणि हे तिला कुत्र्याची धास्ती बसल्यामुळे असं त्याने ठरवून टाकलं होतं. आता तो ते मैदान डोळ्यांसमोर आणत होता. गवत होतं, पत्र्याची शेड होती, पाण्याची फुटकी टाकी होती, तिच्या हातातल्या बांगड्या स्टीअरिंगवर वाजत होत्या. कुत्रं कुठल्या बाजूने आलं? पांढरं होतं की काळं? सांगताना तो कधी काळं म्हणायचा, कधी ठिपक्यांचं, ऐकणाऱ्यांनुसार. शुक्रवारी ती कपडे घडी करत होती तेव्हा त्याने विचारलं, "त्या मैदानात कुत्रं कुठून आलं होतं गं?" "कुठल्या मैदानात?" "कारखान्यामागच्या. तुला गाडी शिकवत होतो तेव्हा." तिने त्याच्या पायजम्याची घडी पूर्ण केली. "कसलं कुत्रं?" ती म्हणाली, आणि तिला खरोखरच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, त्याने या वेळी मुद्दाम चेहऱ्याकडे बघितलं होतं.

कुत्रं नव्हतंच, तर मग त्याने ब्रेक कशासाठी दाबला होता? तो चिडला. कशावर ते त्याला कळत नव्हतं, म्हणून जरा जास्तच चिडला. "तुला माझ्याबरोबर यायचंच नाहीये का? तसं असेल तर सांग. सगळंच रद्द करू." घडी केलेल्या कपड्यांच्या ढिगावर तिने तळहात ठेवला. "तुमच्याबरोबर बाकीचे दिवस आहेच की मी." "पण ते दोन दिवस का नाहीस?" "ते मला नीट सांगता येत नाही," ती म्हणाली. "मी सांगायला गेले की तुम्हाला लागेल, आणि मला तसं म्हणायचं नाहीये. तुम्ही काही वाईट केलंय असं नाही. मला कुणी विचारू नये असं वाटतं, एवढंच. दोन दिवस." "काय विचारू नये?" "काहीही. चहा घेणार का, हेसुद्धा." चहा तर तो प्रेमाने विचारायचा. "रद्द करायचं तर करा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात रुसवा नव्हता. थोड्या वेळाने, बहुधा त्याचा चेहरा बघून, ती म्हणाली, "असं करू. रविवारी इथेच सराव करून बघू. गाडी घरी ठेवायची. तुम्ही एका वाटेने या, मी एका वाटेने जाते. नदीपलीकडच्या बागेच्या दाराशी भेटू. आपल्याच गावात जमलं नाही तर तिकडे काय जमणार? मग ठरवा काय ते." शिकवायचा तो, पण सराव हा शब्द आज तिने वापरला होता.

रविवारी ती त्याच्या आधी निघाली. पाठीला लहान बॅग, पायात कापडी बूट, आणि दारातून "येते" म्हणाली, जसं काही शेजारी चालली होती. तो नंतर निघाला, दोन चौक चालला आणि बसथांब्यावर येऊन उभा राहिला. या चौकात कुठून वळायला बंदी आहे, कुठल्या चढावर शिकाऊंच्या गाड्या मागे घसरतात, सगळं त्याला ठाऊक. बसचे नंबर मात्र एकही नाही. थांब्याच्या पाटीवर आकड्यांची दाटी होती. ज्या बसवर नदीचं नाव दिसलं त्या बसमध्ये तो चढला. खिडकीशी जागा मिळाली. इतक्या उंचावरून त्याने आपलं गाव कधी बघितलंच नव्हतं. दुकानांच्या पाट्यांच्या वर माणसं राहत होती, गॅलऱ्या होत्या, दोऱ्यांवर कपडे होते, एक म्हातारा पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी बोलत होता. रोजच्या रस्त्यावरून बस रोजच्यासारखी गेली नाही, तिसऱ्याच गल्लीत शिरली. "हे इकडे कुठे?" तो स्वतःशीच म्हणाला. प्रत्येक वळणावर त्याचा पाय जमिनीवर दाबला जात होता, आणि बस त्याला न विचारता आपली थांबत होती आणि निघत होती. थोड्या वेळाने नदी दिसली, पण भलत्या बाजूला. शेजारी मांडीवर रोपाची कुंडी घेतलेली एक बाई बसली होती. "तुम्हाला कुठे जायचंय?" तिने विचारलं. "बागेत. नदीपलीकडे." "मग ही उलटी जाते हो. समोरून पकडायला हवी होती." तो उठायला लागला, तशी ती म्हणाली, "बसा, बसा. ही गोल बस आहे. फिरून शेवटी बागेवरूनच येते, उशीर होईल इतकंच. कुणी थांबलंय का?" "हो. बायको." "मग फोन करून टाका." त्याने फोन काढला. तिच्या नावावर अंगठा ठेवला आणि काय सांगायचं ते कळेना. चुकलो म्हटलं की ती कुठून कुठे यायचं ते सांगत बसेल. त्याने फोन खिशात ठेवला. बस नव्या वसाहतींतून, गोदामांमधून, एका शाळेच्या रिकाम्या पटांगणाला वळसा घालून चालली होती, आणि आपण नेमके कुठे आहोत हे त्याला अर्धा तास तरी सांगता आलं नसतं. कुंडीवाली बाई मध्येच कधीतरी उतरून गेली. तिने जाताना शुभेच्छा दिल्यासारखी मान हलवली.

मग पूल आला आणि पुलापलीकडे बाग. त्याने लांबूनच घंटीचं बटण दाबलं, दांड्याला धरून दारापाशी येऊन उभा राहिला. उशीर झाला होता. ती वैतागली असेल, दाराशी येरझाऱ्या घालत असेल, आणि खरं सांगायचं तर तो त्याच आशेवर होता. तिने वैतागून म्हणावं, कुठे होतात, जीव खालीवर झाला माझा. म्हणजे मग संध्याकाळी मुलीला फोन करून सांगता आलं असतं की नाही बाई, आमचं काही जमत नाही, आम्ही आपले बरोबरच बरे. बस थांबली. दार उघडलं. बागेच्या कुंपणाला लागून बाक होते आणि तिसऱ्या बाकावर ती होती. बूट काढून शेजारी नीट ठेवलेले, पाय बॅगेवर, चष्मा काढून मांडीवर, मान एका खांद्याकडे कललेली आणि तोंड जरासं उघडं. ती झोपली होती. भर सकाळी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, बाकावर. तिच्या अंगावर सावली हलत होती. त्याने तिला असं कधी बघितलं होतं? घरात ती त्याच्यानंतर झोपायची आणि आधी उठायची. आणि गाडीत, इतक्या सुट्ट्या, इतके लांबलांबचे रस्ते, गाडीत ती कधीच झोपली नव्हती. झोपायचं नाही, असं तोच सांगायचा. शेजारचं माणूस पेंगलं की चालवणाऱ्याला झोप येते, हे तो प्रत्येक शिकणाऱ्याला सांगायचा आणि तिला त्याने ते शिकणाऱ्यांच्याही आधी सांगितलं होतं. डोळे मिटायला लागले की ती खिडकी खाली करायची, तोंडावर पाणी मारायची, त्याला काहीबाही विचारत राहायची. त्याला वाटायचं, हिला बोलायची किती हौस. जाऊन तिच्या शेजारी बसावं, तिची मान आपल्या खांद्यावर घ्यावी असं त्याला फार वाटलं. पण तो शेजारी बसला की ती जागी होणार, हेही त्याला दिसत होतं. जागी होऊन आधी विचारणार, चहा घेतलात का?

"उतरताय ना?" ड्रायव्हरने मोठ्या आरशात बघत विचारलं. मागची माणसं चुळबुळ करत होती. त्याचा एक पाय पायरीवर होता. "नाही," तो म्हणाला. "चुकून दाबलं. जाऊ द्या." दार मिटलं. बाग मागे सरकली, तो मागच्या सीटवर जाऊन बसला आणि काचेतून बाक दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. आपण काय केलं हे त्याला नीट कळलेलं नव्हतं. मग त्याने फोन काढला आणि मुलीला लावला.

"बाबा? काय ठरलं? रद्द की काय?"

"नाही. काढ तिकिटं. आईचं तळ्याचं गावही काढ."

"दोन दिवस?"

"तीन कर."

"तीन?" कीबोर्डचा आवाज थांबला. "आणि तू कुठे जाशील?"

"ते मला अजून माहीत नाही. बघतो मी."

"बरं. पण तिसऱ्या दिवसाचं तिला विचारलंयस का? तिलाच दे ना फोन."

बस वळली. पुढच्या सीटवर कुणीतरी जोरजोरात हसत होतं, बाहेर भोंगे वाजत होते. त्याने फोनवर तळहात आडवा धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आत्ता नको. ती झोपलीय."